मुलींचं ट्रॅव्हल सॉफ्टबॉल आणि कॉलेजची निवड: अमेरिकेतल्या पालकांचे अनुभव हवे आहेत

डलासकर

नमस्कार मंडळी. मुलांच्या क्रिकेट-टेनिसवर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मुलींच्या सॉफ्टबॉलवर काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय.

आमची लेक आठवीत आहे, म्हणजे २०३० साली बारावी संपवणाऱ्या बॅचची. कॅचर आहे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने टाकलेला चेंडू पकडणारी. सुरुवात गावच्या लीगमध्ये झाली, मग जवळच्याच एका ट्रॅव्हल टीममध्ये गेली आणि आता चौदा वर्षांखालच्या गटात खेळते. खेळ तिला मनापासून आवडतो. २०२५ साली ओक्लाहोमा सिटीत टेक्सास विद्यापीठाने टेक्सास टेक विद्यापीठाला हरवून पहिल्यांदा कॉलेजचं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून ‘मला कॉलेजमध्ये खेळायचंय’ हे घरात रोज ऐकू येतं.

आता एका ‘नॅशनल’ म्हणवणाऱ्या टीमकडून तिला विचारणा झाली आहे. फी सध्याच्या दुपटीहून जास्त. त्यात उन्हाळ्यात डेन्व्हर आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या स्पर्धा, विमानाची तिकिटं, आणि हॉटेल आयोजकांनी ठरवून दिलेल्या यादीतलंच घ्यायचं. आम्ही दोघंही नोकरी करतो, धाकट्याचंही बघायचं असतं. पैसे उभे करता येतील, पण ते कशासाठी खर्च करतोय हे आधी नीट समजून घ्यायचंय.

माझे प्रश्न: कॉलेजच्या कोचच्या नजरेत यायला एवढी मोठी टीम लागतेच का? कॉलेजवाले नेमके केव्हा बोलायला लागतात? पैसे घेऊन ‘रिक्रूटिंग’ करून देणाऱ्या कंपन्यांचा उपयोग होतो का? आणि आम्ही अजून एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहीतच आहे, तर लेकीच्या एच-४ मुळे (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) कुठे अडतं का?

रानवारा

मी पुण्यात असतो, त्यामुळे अगदी प्राथमिक शंका. ट्रॅव्हल टीम म्हणजे शाळेची टीम नव्हे का?

डलासकर

नाही, दोन्ही वेगळ्या. हायस्कूलची टीम शाळेची असते, टेक्साससारख्या बऱ्याच राज्यांत तिचा मोसम वसंतात असतो. ट्रॅव्हल टीम खासगी क्लबची. ऑगस्टच्या आसपास निवड चाचण्या, मग शरद ऋतू आणि पूर्ण उन्हाळा शनिवार-रविवार स्पर्धा. वयाचे गट दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा वर्षांखालचे. दहाखालच्या मुली ३५ फुटांवरून ११ इंच घेराचा चेंडू टाकतात, बाराखाली ४० फूट आणि १२ इंची चेंडू, आणि चौदापासून थेट कॉलेजचं अंतर, ४३ फूट. दोन बेसमध्ये (धाव घेताना गाठायचे टप्पे) ६० फूट. चांगली कॉलेज पिचर ताशी ६५ मैलांनी टाकते तेव्हा बॅटरला जेमतेम चार दशांश सेकंद मिळतात. कॉलेजचे कोच मुली बघतात त्या मुख्यतः उन्हाळ्यातल्या ट्रॅव्हल स्पर्धांत, कारण वसंतात त्यांचा स्वतःचा मोसम चालू असतो.

पिचरची_आई

डलासकर, माझी मुलगी मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन वन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे (कॉलेजच्या खेळांची संस्था एनसीएए कॉलेजांचे वन, टू, थ्री असे तीन गट करते, त्यातला हा पहिला), त्यामुळे या रस्त्यावरून नुकतीच गेले आहे. आधी कॅलेंडर सांगते, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

डिव्हिजन वनच्या कोचला तुमच्या मुलीशी भरतीबद्दल बोलायची परवानगी मिळते ती अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरला. हा नियम २०१८ च्या एप्रिलमध्ये आला. त्याआधी सातवी-आठवीतल्या मुली तोंडी शब्द देऊन मोकळ्या होत होत्या, तेरा वर्षांच्या मुलीला आपण अठराव्या वर्षी कुठे शिकणार हे सांगावं लागत होतं. तो प्रकार थांबला ही फार चांगली गोष्ट झाली. आता १ सप्टेंबरच्या आधी कोच फोन, मेसेज, ईमेल, प्रत्यक्ष बोलणं यातलं काहीही करू शकत नाही. मुलगी मात्र ईमेल पाठवू शकते, आणि तिने पाठवावेतच. त्यावर कॅम्पची जाहिरात किंवा प्रश्नावली आली तर फुशारून जाऊ नका, ती अनेकींना जाते. पण ईमेल वाचले जातात, नावं नोंदली जातात. १ सप्टेंबरच्या मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर ज्यांचे फोन वाजतात त्यांची नावं कोचच्या वहीत वर्ष-दोन वर्षं आधीपासून असतात.

डिव्हिजन टूला ही मुभा दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून आहे. डिव्हिजन थ्रीच्या कोचला ईमेल-फोनवर अशी तारखेची अट नाही, तो नववीतल्या मुलीलाही उत्तर देऊ शकतो.

तोंडी ‘कमिट’ झाल्याचे फोटो इन्स्टाग्रामवर दिसतील. त्याला कायद्याचं बळ नाही, दोन्ही बाजूंना. लेखी करार बारावीच्या नोव्हेंबरात होतो. पूर्वी त्यासाठी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ असायचं, ते २०२४ च्या ऑक्टोबरात रद्द झालं. आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. त्यामुळे शब्द दिल्यापासून सही होईपर्यंत कोच बदलला, किंवा तुमच्याच जागेवर दुसऱ्या कॉलेजातून अनुभवी खेळाडू आली, तर काय, हा प्रश्न कोचला मुलीनेच शांतपणे विचारायला हवा. आमच्या मुलीने विचारला होता आणि त्या कोचने सरळ उत्तर दिलं. तिथेच आमचं मन बसलं.

मोठ्या टीमबद्दल: पिचर किंवा कॅचर चांगली असेल तर कोच लांबच्या मैदानावरही येऊन बघतात. पण ते आधी कुणी तरी सांगितल्याशिवाय येत नाहीत. ‘नॅशनल’ टीमचा खरा फायदा तिच्या कोचच्या ओळखींचा असतो, आणि चांगल्या पिचिंगसमोर रोज खेळायला मिळण्याचा. गणवेशावरच्या नावाचा नव्हे. तेव्हा त्या टीमला विचारा: गेल्या तीन वर्षांत तुमच्या किती मुली कॉलेजात गेल्या, कुठल्या कॉलेजांत, आणि त्यातल्या किती आज तिथे खेळताहेत? शेवटचा प्रश्न विसरू नका. आणि त्या टीमकडे आधीच दोन कॅचर असतील तर तुमची लेक डगआउटमध्ये बसून कॅचर होणार नाही.

उंबरठा

पिचरची_आई यांनी उत्तम लिहिलंय. मी पैशांच्या बाजूचं लिहितो, कारण ‘एवढा खर्च शिष्यवृत्तीतून भरून निघेल’ या समजुतीवर कुटुंबं वर्षानुवर्षं चालत राहतात आणि मला ते बघवत नाही.

अमेरिकेत हायस्कूल सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या आसपास. एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून खेळणाऱ्या वीस हजारांच्या थोड्या वर. त्यात डिव्हिजन वनच्या टीम जवळपास तीनशे. कालपरवापर्यंत तिथल्या एका टीमला मिळून १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकाच पैसा देता यायचा, तो वीस-बावीस मुलींत वाटला जायचा. डिव्हिजन टूला ७.२. म्हणजे ‘शिष्यवृत्ती मिळाली’ याचा अर्थ बहुतेक वेळा फीचा काही भाग मिळाला, एवढाच.

२०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंच्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि ज्या कॉलेजांनी ती स्वीकारली तिथे शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, त्याऐवजी टीममध्ये जास्तीत जास्त २५ खेळाडू ही मर्यादा आली. कागदावर पंचविसांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण तेवढा पैसा सॉफ्टबॉलवर लावायची ताकद मोजक्याच कॉलेजांत आहे. आणि पंचविसांच्या वर एकही नको म्हटल्यावर, ‘आधी विनाशिष्यवृत्ती ये, मेहनत कर, बघू’ असं सांगून जिला घेतलं जायचं ती मुलगी पहिली बाहेर पडते.

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला वीस-एकवीस वर्षांची, कॉलेजच्या पिचिंगवर धावा काढून दाखवलेली खेळाडू तयार मिळत असेल तर तो सतरा वर्षांच्या मुलीवर जागा खर्च करताना दहा वेळा विचार करतो. नायजारी कॅनडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला गेली ती दहा लाख डॉलरच्या वरच्या करारावर. ही बातमी वाचून आमच्या क्लबमधल्या काही पालकांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. ती देशातल्या सर्वोत्तम पिचरची गोष्ट आहे. आपल्या घरचं गणित तिच्यावर मांडू नये.

क्लबची फी, खासगी शिकवण्या, प्रवास, तीन-चारशे डॉलरची कॉम्पोझिट बॅट हे सगळं नववी ते बारावी जमेला धरा. तेवढीच रक्कम कॉलेजच्या फीसाठी बाजूला टाकली तर बऱ्याच घरांना खेळाच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त हाती लागेल. मुलीला खेळ आवडतो, टीममध्ये तिची वाढ होते, म्हणून खर्च करा. परतावा म्हणून नको.

सदाशिव

सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. आपण इतक्या लांब आलो ते मुलांनी शिकावं म्हणून. दर शनिवार-रविवार मैदानावर, सुट्ट्या हॉटेलात, मग अभ्यासाचं काय? हाच वेळ गणित-विज्ञानाला दिला तर चांगल्या कॉलेजचं दार नाही का उघडणार?

चार्ल्सकाठ

सदाशिवकाका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर त्यालाच धरून आहे. माझी मुलगी बॉस्टनजवळच्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजात सेंटर फील्ड खेळते आणि जीवशास्त्र शिकते. अभ्यास आणि सॉफ्टबॉल यांतलं एक निवडायची वेळ तिच्यावर आली नाही, उलट दोघांनी एकमेकांना हात दिला.

आपल्या लोकांत डिव्हिजन थ्री म्हणजे तिसऱ्या दर्जाचं, असं धरून चालतात. हे डोक्यातून काढायला हवं. एमआयटी, टफ्ट्स, एमोरी, विल्यम्स, अॅमहर्स्ट, शिकागो विद्यापीठ, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, कार्नेगी मेलन हे सगळे डिव्हिजन थ्रीत सॉफ्टबॉल खेळतात. टफ्ट्सने २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तो खेळ बघितलेल्या कुणालाही तो हलका वाटणार नाही. एनसीएएमध्ये सर्वांत मोठी डिव्हिजन हीच, चारशेहून अधिक कॉलेजं.

इथे खेळासाठी एक पैसाही शिष्यवृत्ती मिळत नाही. आयव्ही लीग डिव्हिजन वन असूनही तिथेही नाही. मदत मिळते ती घरच्या गरजेनुसार, आणि काही कॉलेजांत गुणांवर. पण कोचकडे दुसरी गोष्ट असते: प्रवेश कार्यालयात आपला शब्द टाकायची मुभा. अकरावी संपली की जुलैपासून कोच आवडलेल्या मुलींच्या गुणपत्रिका, बारावीचे विषय, एसएटीचे गुण मागवून प्रवेश कार्यालयाला दाखवतो. याला प्री-रीड म्हणतात. कार्यालय कोचला कळवतं की ही मुलगी आमच्या चौकटीत बसते, किंवा काठावर आहे, किंवा नाही. बसत असेल तर कोच म्हणतो, नोव्हेंबरच्या ‘अर्ली डिसिजन’मध्ये अर्ज कर, माझा पाठिंबा तुला. ज्या कॉलेजात शंभरातल्या दहांनाही प्रवेश मिळत नाही तिथे या पाठिंब्याचं मोल किती ते तुम्हीच ठरवा. सगळीकडे त्याचं वजन सारखं नसतं. एमआयटीत कोच शिफारस करतो, पण प्रवेश मिळवून देऊ शकत नाही.

आणि इथेच अभ्यास कामी येतो. कोचला दोन सारख्या खेळाडू दिसल्या, तर जिची गुणपत्रिका त्याला कार्यालयापुढे बेधडक ठेवता येते ती पुढे जाते. आपल्या घरांत नववीपासून गणित-विज्ञानाचे वरचे वर्ग घ्यायची पद्धत असतेच. ती ताकद बाजूला ठेवून डिव्हिजन वनच्या शेवटच्या जागेसाठी देशभर फिरणाऱ्या मराठी, गुजराती, तेलुगू कुटुंबांना मी भेटलो आहे. त्या मुली अप्रतिम होत्या. त्यांना कुणी ही दुसरी यादी दाखवलीच नव्हती.

एक सावधगिरी. अर्ली डिसिजन बांधून घेणारा असतो. प्रवेश मिळाला की जायचंच, दुसऱ्या कॉलेजच्या मदतीशी तुलना करायला सवड नाही. म्हणून अर्जाच्या आधी, कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस’ काढायचं साधन असतं ते घरातल्या खऱ्या उत्पन्नाचे आकडे घालून चालवा. आकडा झेपणार नसेल तर कोचला तसं स्वच्छ सांगा. त्याला याची सवय असते.

सदाशिव

चार्ल्सकाठ, मनापासून आभार. हे प्री-रीड मला अजिबात माहीत नव्हतं. नात सहावीत आहे आणि पिचिंग शिकतेय, आता तिच्या आईला हा धागा पाठवतो.

पिचरची_आई

चार्ल्सकाठ यांच्याशी मी थोडी असहमत. डिव्हिजन वनची शेवटची जागा म्हणजे वाया, असं नाही. माझ्या मुलीला पहिल्या वर्षी फार कमी डाव खेळायला मिळाले, तरी तिथल्या फिजिओ, स्ट्रेंथ कोच, व्हिडिओची सोय आणि अभ्यासाला मिळणारी शिकवणी यांनी ती बदलून गेली. तिला रोज पहाटे उठून तो दर्जा अनुभवायचा होता. काही मुलींना खरोखर तेच हवं असतं. मात्र आठवड्यातून तीन-चार दिवस प्रवास, आणि प्रयोगशाळेच्या वेळा सरावाशी भिडतात, म्हणून इंजिनिअरिंग किंवा नर्सिंग घ्यायचं असेल तर कोचला आधी विचारा की आज तुमच्या टीममध्ये हे विषय घेतलेल्या मुली आहेत का. ‘हो, चालेल’ हे उत्तर पुरेसं नाही. त्या मुलीशी बोलायला मागा.

चार्ल्सकाठ

हे अगदी मान्य. मुलीला काय हवं ते तिनेच ठरवायचं, आणि ते ठरवायला तिने दोन्हीकडचा एकेक सराव डोळ्यांनी बघायला हवा.

खानदेशी_माय

मी जळगाव जिल्ह्यात शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळले, राज्य पातळीपर्यंत. मुरमाच्या मैदानावर, चार ग्लोव्ह अख्ख्या टीममध्ये फिरवत. तेव्हा खेळाचं फळ म्हणजे दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, एवढंच आम्हाला दिसायचं. आमच्यातल्या काही जणींना त्याच आरक्षणावर नोकरी लागली, आणि महाराष्ट्रात सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत. आता न्यू जर्सीत बाराखालच्या मुलींना शिकवते. इथे या खेळामागे उभं असलेलं सगळं बघून ऊर भरून येतो. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने कॉलेजांना मुलींच्या खेळांचा विचार करायला लावला, त्याचं हे पीक.

मला बोलायचंय ते खांद्यांबद्दल. खालून फेकलेला चेंडू खांद्याला इजा करत नाही, असं अजून बरेच पालक मानतात. ते खरं नाही. विंडमिल पिचिंगमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून फेकण्यात, दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्यावर मोठा ताण येतो. हायस्कूल बेसबॉलमध्ये २०१७ पासून राज्यांना पिचरच्या चेंडूंवर मर्यादा ठेवावी लागते. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये देशभर असा नियम नाही. म्हणून शनिवार-रविवारी एकच मुलगी चार-चार सामने टाकताना दिसते. कोच थांबवत नसेल तर आईवडिलांनी थांबवावं. वर्षातून सलग दोन-तीन महिने पिचिंग बंद, त्या काळात पोहणं, बास्केटबॉल, काहीही. सदाशिवकाका, तुमच्या नातीसाठी हे खास.

डलासकर, तुमच्या लेकीचे गुडघे आणि बोटं सांभाळा. कॅचरने उजवा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे ठेवायची सवय आत्ताच घट्ट करायला हवी.

आणि कोच काय बघतात ते सांगते, कारण उन्हाळ्यात मी त्यांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलेली असते. फटका सगळेच बघतात. ते त्यापलीकडचं लिहून घेतात. स्ट्राइक आउट होऊन परतताना हेल्मेट कसं ठेवते. पिचरने दोन वॉक दिल्यावर (चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला पहिला बेस फुकट मिळणं) कॅचर उठून तिच्याकडे जाते का, आणि गेल्यावर पिचरचे खांदे खाली येतात का. सरावात फेकलेला चेंडू आणि सामन्यात फेकलेला चेंडू यांचा वेग सारखा आहे का. बापाने तारेच्या कुंपणाबाहेरून सूचना दिल्या की मुलगी कोचकडे बघते की बापाकडे. एका कोचने माझ्यासमोर एका पिचरच्या नावावर काट मारली, कारण वडील प्रत्येक चेंडूनंतर ओरडत होते. मुलगी गुणी होती. त्या माणसाला चार वर्षं कोण सांभाळणार, एवढंच ती कोच म्हणाली.

फॉर्म_आणि_फी

एच-४ चं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण मुलाच्या वेळी हे सगळं पाहिलंय. निर्णयाआधी वकिलाशी बोलाच.

खेळायला एच-४ आड येत नाही. एनसीएएची पात्रता नागरिकत्वावर ठरत नाही आणि कॉलेज खेळाची शिष्यवृत्तीही देऊ शकतं. अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, सरकारी आर्थिक मदत. एफएएफएसए या सरकारी अर्जातून मिळणारी केंद्राची मदत एच-४ वरच्या मुलांना नाही. अनेक खासगी कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्यांना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, त्यामुळे चार्ल्सकाठ यांनी सांगितलेलं नेट प्राइसचं साधन तुमच्यासाठी चुकीचा आकडा दाखवू शकतं. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला नेमकं विचारा. सरकारी विद्यापीठात रहिवाशांची फी लागते की नाही ते राज्याराज्यावर आहे. टेक्सासमध्ये एच-४ वरच्या मुलांना ती मिळू शकते, हा तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे.

दुसरं, नाव-छबी वापरून जाहिरातीचे पैसे, म्हणजे एनआयएल. एच-४ वरच्या मुलांना कामाची परवानगी नाही, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या कामावर कडक बंधनं. टीममधल्या सगळ्या जणी एखाद्या दुकानाच्या जाहिरातीचे पैसे घेतील, तेव्हा तुमच्या लेकीने वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नये.

तिसरं, वय एकवीस. तेव्हा एच-४ संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१ वर जातात. हे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ऐन मोसमात येतं. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी एक वर्ष आधी बोलून ठेवा. आणखी एक: शिष्यवृत्तीचा राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, फी-पुस्तकांचा नसतो.

डलासकर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री बायको, लेक आणि मी तिघांनी बसून धागा वाचला. लेकीने स्वतः वही घेऊन डिव्हिजन थ्रीची यादी काढायला घेतली. ‘नॅशनल’ टीमला पिचरची_आई यांचे प्रश्न विचारले. त्यांच्याकडे दोन कॅचर आधीच आहेत आणि दोघी तिच्याच बॅचच्या. त्यामुळे हे वर्ष आताच्या टीममध्येच राहायचं, जिथे तिला प्रत्येक शनिवारी कॅचिंग करायला मिळतं. पुढच्या ऑगस्टला पुन्हा बघू.

दोन गोष्टी राहिल्या. भरती करून देणाऱ्या कंपन्या? आणि ईमेल व व्हिडिओ कसा असावा?

उंबरठा

कंपनीची गरज नाही. कोचचे ईमेल कॉलेजच्या संकेतस्थळावर उघडे असतात, प्रश्नावलीही तिथेच भरता येते. कंपनीने शेकडो कोचना पाठवलेला साचेबंद ईमेल आणि मुलीने स्वतः लिहिलेला ईमेल यांतला फरक कोचला पहिल्या ओळीत कळतो. तुमचे पैसे एखाद्या चांगल्या कॅचिंग शिकवणीला जाऊ देत. डिव्हिजन वन किंवा टूचा विचार असेल तर नववीत शाळेच्या समुपदेशकाकडून एनसीएएच्या १६ मुख्य विषयांची यादी मात्र तपासून घ्या. डिव्हिजन वनसाठी त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण लागतात आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे.

पिचरची_आई

ईमेल लेकीने लिहायचा, तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून. विषयात बॅचचं वर्ष, जागा, नाव, गाव: ‘२०३०, कॅचर, अमुक, डलास’. मजकूर पाच-सहा ओळी. हेच कॉलेज का, याचं एक खरं कारण, आणि ते शोधायला तिला त्या कॉलेजचे दोन-तीन सामने बघावे लागतील. मग गुणांची सरासरी, क्लब, कोचचा फोन, व्हिडिओची लिंक. स्पर्धेच्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी दुसरा ईमेल: कुठलं मैदान, किती वाजता, जर्सीचा नंबर. पावसाने वेळापत्रक बदललं की लगेच तिसरा. कोच दिवसभर मैदानांवर पळत असतात, चुकीच्या मैदानावर पोचले तर परत येत नाहीत.

कॅम्पला जायचं तर जिथे खरंच जावंसं वाटतं अशा कॉलेजच्याच. तिथे कोचचा शिकवण्याचा सूर कळतो, आणि तेच तिला पुढे चार वर्षं ऐकायचं आहे.

खानदेशी_माय

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, गाणं नको. सुरुवातीला नाव, बॅच, उंची, जर्सी. मग थेट कॅचिंग: चेंडू घेणं, जमिनीवरचे अडवणं, मग दुसऱ्या बेसवर थ्रो. थ्रो कापाकापी न करता सलग दाखवा, कोच घड्याळ लावून बसतात. शेवटी बॅटिंग, बाजूने काढलेली, आणि होम ते पहिला बेस एक धाव.

डलासकर

ताई, घड्याळाचं जरा सांगा. पॉप टाइम आम्ही घरी मोजतो, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

खानदेशी_माय

चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये आदळल्याचा आवाज झाला की सुरू, दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये आदळला की बंद. हाताने मोजताना बोट पुढे-मागे होतं, म्हणून फोनवर व्हिडिओ काढून फ्रेम मोजा. अंतर ८५ फुटांच्या जरासं आत आहे, ते टेपने मोजून घ्या, अंगणात बहुतेकांचं कमी भरतं. चेंडू कुणी तरी ४३ फुटांवरून पिच केलेला हवा, हातात दिलेला नको. पाच थ्रो घ्या आणि त्यातला सगळ्यात चांगला न लिहिता मधला लिहा. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटला की रनर पळते, त्यामुळे दशांश सेकंदाला फार किंमत आहे. पण चौदाव्या वर्षी आकड्याच्या मागे लागून दंडाने ओढायला शिकवू नका. आधी पाय, मग चेंडू ग्लोव्हमधून हातात येणं, वेग त्यामागून येतो. व्हिडिओ झाला की इथे लिंक न टाकता मला खासगी निरोपात पाठवा, लहान मुलगी आहे. मी बघून कळवते.